दाढीतली मात्रा

एकोणीस वर्षं मी मुद्रितशोधनात आहे. या एकोणीस वर्षांत माझ्या हातून सुटलेली एक वेलांटी दाखवा, मी नाव बदलून घेईन! आमच्या कचेरीतून छापायला जाणारा निम्मा मजकूर माझ्या लाल पेनाखालून जातो. त्यामुळे अण्णा निवृत्त होणार हे कळलं, तेव्हा त्यांची खुर्ची कोणाला मिळणार याची मला शंकाच नव्हती. अण्णा म्हणजे आमचे मुख्य मुद्रितशोधक. आपल्या जागी कोण, ते अण्णाच ठरवणार होते आणि शुक्रवारी सांगणार होते. उमेदवार दोनच, मी आणि समोरच्या टेबलावरची टाचणी. हे तिचं खरं नाव नव्हे, पण ती तशीच बारीक आहे आणि तशीच नेमकी टोचते.

अडचण होती ती माझ्या चेहऱ्याची. तो वाईट नाही, पण लक्षात राहत नाही. मी खोलीत शिरलो की दार वाऱ्याने उघडलं असं समजून लोक ते लावायला उठतात. या चेहऱ्याने मुख्याच्या खुर्चीत बसायचं म्हणजे खुर्ची रिकामीच दिसायची! म्हणून मी दाढी वाढवायला घेतली.

उजव्या गालावर ती झकास आली. हनुवटीवरही बरी आली. डाव्या गालावर मात्र बिस्किटाएवढी जागा कोरी राहिली ती राहिलीच. सहा आठवडे मी तिथे एरंडेल चोळलं, छोट्या कंगव्याने शेजारचे केस तिच्यावर ओढून पाहिले.

बायको आरशात डोकावून म्हणाली, "अहो, मजकूर कमी पडला का?"

शेवटी सलूनवाल्याला गाल दाखवला. त्याने बोटाने हनुवटी उचलून दोन्ही बाजू नीट पाहिल्या.

"साहेब, केस नाहीत, पण वाव आहे. सोमवारी सकाळी या. वाफ देऊ, तेल मुरवू, कडा आखू. हे घाईचं काम नाही."

रजेसाठी खोटं कारण देणं माझ्या स्वभावात नाही. रविवारीच मी कचेरीच्या ग्रुपवर सरळ लिहून टाकलं, 'दाढीच्या उपचारासाठी उद्या दुपारपर्यंत रजा हवी.' निदान आपण असं लिहिलंय असं मला वाटलं.

सलूनवाल्याने सगळं केलं आणि शेवटी ती कोरी जागा काळ्या पेन्सिलीने अशी भरली की माझा मलाच संशय येईना. "फक्त हात लावू नका," एवढंच त्याने बजावलं.

दुपारी मी छाती काढून कचेरीत शिरलो. सगळे उठून उभे राहिले! एका दाढीचा एवढा प्रभाव? अण्णांनी स्वतः खुर्ची ओढून दिली.

"बस, बस. काढली का रे?"

"छे! काढायची कशाला, अण्णा? ठेवली. नीट करून घेतली."

"वाचली म्हणायची! मूळ शाबूत आहे ना?"

"एकदम मजबूत."

"दुखलं फार?"

"वाफ देताना जरा चटकलं, बाकी काही नाही."

"वाफ?" अण्णा चकित झाले. "आता वाफेने करतात? आमच्या वेळी पक्कड असायची."

पक्कड? मी गुपचूप फोन काढला. ग्रुपवर माझा निरोप होता, 'दाढेच्या उपचारासाठी.' वेलांटीच्या जागी मात्रा! एकोणीस वर्षांतली पहिली, आणि तीही स्वतःच्या हाताने घातलेली.

मी दुरुस्ती सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बोलू नकोस, ताण पडेल," ते म्हणाले. खोटं कशाला सांगू, इतक्या वर्षांत त्या कचेरीत माझ्या खांद्यावर कोणी हात ठेवला नव्हता. तो उचलला जाऊ नये असं मला फार वाटलं. मी तोंड मिटलं आणि म्हणालो, "थोडं ठणकतंय."

मग काय, मंगळवारी मी घाम पुसला आणि पेन्सिल जबड्यापर्यंत पसरली. "अगं बाई, काळंनिळं पडलंय!" हिशेबनीस बाई ओरडल्या आणि माझ्यासाठी पंखा लागला. त्या दिवसापासून मी तो गाल धुतलाच नाही. बुधवारी मालक खाली उतरून आले आणि माझ्याशी अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून बोलले. मला दाढदुखी होती की बहिरेपण, कोण जाणे! टाचणीने न विचारता माझ्या गठ्ठ्यातली निम्मी प्रूफं उचलून आपल्या टेबलावर नेली. चष्म्यावरून एकदा माझ्या गालाकडे पाहिलं आणि ती वाचायला लागली.

गुरुवारी अण्णा थर्मासमधून भाज्यांचं सूप घेऊन आले.

"स्वतः केलंय. ही गेल्यापासून एवढंच नीट जमतं मला," झाकणात ओतत ते म्हणाले. "एकट्यासाठी करायचा कंटाळा येतो. आज बरं वाटलं."

सुपात मीठ नव्हतं. मी तीन झाकणं प्यायलो. तिसरं संपेपर्यंत मला माझी लाज वाटायला लागली होती. सांगितलं तर खुर्ची जाणार, आणि खुर्चीहून मोठी भीती म्हणजे हे सूप जाणार. उद्या सांगू, असं मी स्वतःला बजावलं. तसं मी सोमवारपासून रोजच बजावत होतो.

शुक्रवारी सगळे जमले. नाव सांगण्याआधी अण्णांची नजर माझ्या गालावर गेली.

"अरे, हे आज जास्तच पसरलंय. थांब, शेक देतो."

"नको, अण्णा! खरंच नको!"

गरम पाण्यात पिळलेला रुमाल माझ्या गालावर बसलासुद्धा. अण्णांनी तो हलकेच फिरवला आणि उचलला. माझं काळंनिळं सगळं रुमालावर आलं होतं. गालावर राहिली होती बिस्किटाएवढी गोरीपान जागा.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"दाढ नाही, अण्णा," मी म्हणालो. "दाढी. मात्रा चुकून पडली."

अण्णांनी रुमालाची घडी घातली. "चूक लक्षात कधी आली?"

"सोमवारी. आल्यावर पाच मिनिटांत."

"आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"चूक माझ्याही हातून सुटते रे," अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "पण दिसलेली चूक मी पाच दिवस तशीच ठेवलेली नाही." मग त्यांनी टाचणीचं नाव घेतलं. तिचं खरं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.

सगळे पांगल्यावर मी तिच्या टेबलाशी गेलो. अभिनंदन केलं. मनापासून केलं, कारण निवड बरोबर होती आणि चूक-बरोबर मला कळतं.

"तुमच्या कधी लक्षात आलं?" मी विचारलं.

"निरोप वाचला तेव्हाच. सहा आठवडे समोर बसून तुमचा डावा गाल बघतेय मी. आणि सुजेला कोणी कडा आखून देत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

तिने पेनाचं टोपण लावलं. "सगळे तुमची चौकशी करत होते. तुम्ही इतके खुशीत कधी दिसला नव्हतात. माझ्याच्याने त्यावर लाल रेघ मारवेना." मग चष्मा काढून तिने विचारलं, "बरं, ते जाऊ दे. तुम्ही कसे आहात?"

काही दुखतखुपत नसताना हा प्रश्न मला कचेरीत पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. आणि सगळी हयात शब्दांत घालवलेला मी, तिच्याकडे बघत म्हणालो, "दाढ ठीक आहे."