दहा गिफ्ट कार्डांची काटेकोर खरेदी

गिफ्ट कार्ड म्हणजे पैसे देऊन त्याच पैशांची सोय कमी करून घेण्याची सुसंस्कृत पद्धत होय. नोट कुठेही चालते. कार्ड एकाच दुकानात आणि ठरलेल्या मुदतीत. (मुदत मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.)

भांडार विभागातल्या मुख्य लिपिक बाईंना सगळी कचेरी नियमबाई म्हणे. टाचण्यांची डबी दिली तरी त्या पोच घेत. एका दुपारी त्यांच्या मोबाइलवर अनोळखी नंबरावरून साहेबांचा निरोप आला: मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका. कर्मचाऱ्यांसाठी दहा गिफ्ट कार्डं घ्या, पट्टी खरवडून आतले नंबर पाठवा, कुणाजवळ बोलू नका.

बाईंनी सर्व खबरदारी घेतली. पाकिटं आधी फोडलेली नाहीत ना, पट्ट्या शाबूत आहेत ना, हे चष्मा लावून तपासलं. अटी वाचल्या. (दुकानाच्या इतिहासात प्रथमच.) पावती मागून घेतली. काउंटरवरच्या मुलीने, ही कुणी फोनवरून मागवलीत का, असं विचारलं, तेव्हा बाब गोपनीय असल्याचं तिला सुनावलं. मग नाण्याने पट्ट्या खरवडून दहाही नंबर, सुवाच्य अक्षरांत अनुक्रमांक घालून, त्यांनी चोराला सादर केले.

"यादी पाठवली, साहेब," केबिनमध्ये डोकावून त्या म्हणाल्या.

"कसली यादी?" साहेबांनी विचारलं.

पावती होती म्हणून कार्ड कंपनीला लगेच कळवता तरी आलं. तीन कार्डं वेळेत गोठवली गेली. सातांवर तोवर कुणीतरी मनसोक्त खरेदी उरकली होती.

चौकशीत साहेबांनी विचारलं, एवढ्या काटेकोर तुम्ही, मला एक फोन करून खात्री करायला काय झालं होतं? बाईंनी मोबाइल पुढे केला. निरोपाची शेवटची ओळ होती: हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही.

साहेबांनी ती दोनदा वाचली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत बाईंना वरून आलेला सर्वांत प्रेमळ मजकूर 'त्वरित सादर करावे' हा होता.

"चोराने तेवढं तरी लिहिलं," बाई म्हणाल्या.

परिपत्रक निघालं: गिफ्ट कार्ड भेट देण्यासाठी असते; त्याचा नंबर फोनवर मागणारा इसम चोर समजावा, मग तो साहेब का असेना. सर्वांनी सह्या केल्या. (वाचल्याचा पुरावा उपलब्ध नाही.)

सुजाण वाचकांना अर्थातच असल्या परिपत्रकाची गरज नाही. आपण कधीच फसणार नाही, याची त्यांना खात्री असते. ती रास्तही आहे. अजून त्यांचं कुणी इतक्या आपुलकीने कौतुक केलेलं नाही, एवढंच.