गफूरचाचांची मोजदाद

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी अचलपूरच्या शेख गफूर यांचं नाव सांगतो. माझ्या आईला हे आवडत नाही. आम्ही दुसऱ्याच्या वावरात निंदण करून तुला पदवीपर्यंत शिकवलं ते कुठे गेलं, असं ती विचारते. तिचं बरोबरच आहे. पण आईबाप माझेच होते आणि शाळेतले गुरुजी गुरुजीच होते. गफूरचाचा माझे कोणी नव्हते. त्यांनी मला हाताला धरून उठवलं तेव्हा आमच्या ओळखीला तीन तासही झाले नव्हते, आणि त्यातला बराचसा वेळ ते पुढे आणि मी फार मागे होतो.

चाचांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माणसं मोजताना. अमरावतीत नवशिक्यांसाठी ट्रायथलॉन होती. आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं. भल्या सकाळी आम्ही पोहण्याच्या तलावाच्या काठावर कुडकुडत उभे होतो. तेवढ्यात खाकी शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी घातलेले, डोक्याला रुमाल बांधलेले एक चौसष्ट वर्षांचे गृहस्थ दोन बोटं पुढे करून, ओठ हलवत रांगेतून फिरू लागले. मला ते आयोजकांपैकी वाटले. मी त्यांना हळूच विचारलं, संडास कुठे आहे. त्यांनी वाट दाखवली आणि म्हणाले, "निवांत जा. गाडी हलत नाई तुमच्याबिगर."

ते बोलायचं म्हणून बोलले असतील असं मला वाटलं. परत आलो तर एकोणसाठ माणसं ओठ निळे करून उभी, आयोजक दाताचे डॉक्टर तोंडात शिट्टी धरून उभे, आणि चाचा त्यांच्यासमोर हात आडवा लावून उभे. मला पाहताच त्यांनी हात खाली घेतला आणि जाहीर केलं, "आले. एकसष्ट झाले. मारा आता शिट्टी."

साठ अनोळखी माणसांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेलो नाही.

चाचा एस.टी.त कंडक्टर होते. एकतीस वर्षं अचलपूर-अकोला. निवृत्त झाले, पण मोजणं सुटलं नाही. न्हाव्याच्या दुकानात शिरले की मोजतात, पंगतीत बसले की मोजतात. भाच्याच्या लग्नाला वऱ्हाडाची गाडी बाळापूरला निघाली होती. वाटेत चहाला थांबली, आणि पुन्हा मोजलं तर चाचांच्या हिशेबानं एक माणूस कमी भरलं. घरोघरच्या लोकांनी आपापली माणसं पाहिली, सगळी होती. चाचा ऐकेनात. सगळ्यांना खाली उतरवलं, पुन्हा चढवलं, तरी एक कमी. नवरदेव सुटाबुटात घामानं भिजला. पाऊण तासानं कोणाच्या तरी लक्षात आलं की चाचा स्वतःला मोजत नव्हते. नवरदेवाचा बाप पुढे दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. तेव्हापासून चाचा मोजणी संपली की न चुकता म्हणतात, "कंडक्टर धरून."

या शर्यतीत ते पाच वर्षं येत होते आणि पाचही वर्षं पदकाविना गेले होते. दहा वाजता रस्ता वाहनांसाठी मोकळा करून द्यावा लागे, म्हणून पदक दहाच्या आत पोचणाऱ्यालाच. चाचांच्या अंगात ताकद होती, पण दरवर्षी वाटेत कोणी ना कोणी त्यांना मागे पडलेलं दिसायचं. कोणाची चेन उतरलेली, कोणाला ओकारी झालेली. मग यांची गाडी तिथेच थांबे. सहाव्या वर्षी त्यांच्या बायकोनं, बिलकीसचाचीनं, शेवटचं सांगितलं होतं, "पांच साल से जा रहे, एक बिल्ला नै लाए. इस बार नै लाए तो सायकल भंगारवाले को दे दूंगी." ती सायकल म्हणजे बावीस इंची काळी, कॅरिअरवाली, नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेली. चाचा हे सगळ्यांना सांगत होते. डॉक्टरांना, नंबर लावणाऱ्या मुलींना, पहारेकऱ्याला. औंदा बिल्ला पाहिजे, नाहीतर सायकल गेली.

आता माझं थोडं सांगतो. मी हिवरखेडचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि अकोला जिल्ह्यात कृषी सहायक. ती वर्षं आमच्या भागाला फार वाईट गेली. कधी पाऊस नाही, कधी गारपीट. माझं काम घरोघर जाऊन पंचनाम्याचा फॉर्म भरण्याचं. नाव, वय, क्षेत्र, पीक, नुकसान. इथे सही करा. उठलो की पुढचं घर. पहिल्या वर्षी मला रात्री झोप लागत नसे. तिसऱ्या वर्षी लागू लागली, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. घरी आल्यावर मी कोणाशी बोलत नसे. खात मात्र होतो. वजन नव्वदच्या वर गेलं. आमच्या कार्यालयातल्या देशमुखांनी गंमत म्हणून या शर्यतीत माझं नाव टाकलं, आणि सगळे हसले म्हणून मी ते काढलं नाही.

पोहताना माझी फजिती झाली. आमच्याकडे पोहणं विहिरीत शिकतात. विहीर गोल असते, म्हणून आम्ही गोल पोहतो. मी मान वर काढून, पाय आपटत निघालो आणि वळत वळत शेजारच्या ओळीत शिरलो, तिथून तिसऱ्या ओळीत, आणि जिथून निघालो तिथेच परत आलो. काठावरचा मुलगा माझी फेरी लिहावी की नाही या विचारात पडला. शेजारच्या ओळीत अमरावतीच्या एका शाळेतल्या पीटीच्या मॅडम होत्या. त्यांनी स्वतःचं पोहणं थांबवलं आणि मी त्यांच्या बाजूला वळलो की त्या मला खांद्याला धरून सरळ करायच्या. "दादा, त्या पिवळ्या बादलीकडे बघा," म्हणायच्या. अशा आठ फेऱ्या. मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं. पुढून चाचांचा आवाज यायचा. ते स्वतः पोहता पोहता काठाला धरून मागच्यांना बोलवत होते, "समोर सरका, समोर जागा हाय." भरलेल्या गाडीत एकतीस वर्षं हेच वाक्य म्हटलेला माणूस पाण्यात दुसरं काय म्हणणार.

सायकलवर चांदूर रेल्वेच्या रस्त्यानं सगळे माझ्या पुढे गेले. जाताना प्रत्येक जण काहीतरी बोलून गेला. चढ संपला की उतार आहे, एकानं सांगितलं. एका मुलीनं बिस्किटाचा अर्धा पुडा हातात कोंबला. उतार आला तेव्हा मला दिसणारं कोणीच उरलं नव्हतं.

धावण्याचा टप्पा अडीच किलोमीटर जाऊन तेवढंच परत यायचा होता. परतीच्या वाटेवर, शेवट एक किलोमीटर राहिला असताना, माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी रस्त्याच्या मोरीवर बसलो. गोळा पाच मिनिटांत गेला. मी उठलो नाही. आपण इथेच बसू, कोणीतरी मोटारसायकल घेऊन येईल, असं मनात आलं. मग कोणी आलंच नाही तरी चालेल, असं आलं. खरं सांगतो, त्या सकाळी मला फक्त शर्यतीचा कंटाळा आलेला नव्हता.

पुढचं डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. साडेनऊला चाचा शेवटच्या कमानीपाशी पोचले होते. दहा पावलं राहिली होती. डॉक्टर पदक हातात घेऊन पुढे आले. चाचा कमानीच्या अलीकडे थांबले आणि बोटं पुढे करून मैदानातली माणसं मोजू लागले. एकोणसाठ. कंडक्टर धरून साठ. डॉक्टर म्हणाले, चाचा, आधी आत या, पदक घ्या, मग खुशाल मोजत बसा. चाचा म्हणाले, "गाडी डेपोत घातली का मंग बाहीर निंगत नाई." आणि वळून मागे निघाले.

मोरीपाशी ते आले तेव्हा त्यांचा खाकी शर्ट पाठीला चिकटला होता. ते बसले नाहीत. मला पाहून धापा टाकत विचारलं, "कुठं उतरायचं हाय तुमाले?"

मला त्यांच्या बोलण्याचा राग आला. मी म्हणालो, "इथंच."

"इथं इस्टाप नाई," ते म्हणाले.

मी म्हणालो, चाचा, तुम्ही जा, तुमची सायकल जाईल. त्यांनी ते ऐकलंच नाही. खाली बसून माझी पोटरी चोळली, खिशातून गूळ-फुटाण्याची पुडी काढली आणि मला विचारायला सुरुवात केली. गाव कोणतं. हिवरखेड? हिवरखेडचे लोक सुट्ट्या पैशांसाठी फार भांडत, म्हणाले. घरी कोण कोण. आई जेवली का विचारते की नाही. मी शेवटचं कोणाशी भांडलो कधी. कापूस कसा आहे असं ते विचारतील म्हणून मी वाट पाहत होतो, ते त्यांनी विचारलं नाही. माझ्या फॉर्ममध्ये नसलेलं सगळं त्यांनी विचारलं. मी उत्तरं देत गेलो. मग ते म्हणाले, "चाला. तिकीट शेवटपर्यंतचं हाय तुमचं." हात धरून त्यांनी मला उभं केलं.

थोडं चाललो, थोडं पळालो. कमान दिसली तेव्हा दहाला पाच कमी होती. चाचांचा गुडघा धरला होता. एक पाय ओढत होते. मी थांबलो तशी त्यांनी मला पाठीवर थाप मारली. "तुमी उतरा पयले. मी दार लावून येतो."

मी पळालो. कमानीपलीकडे साठ-एक माणसं उभी होती, गळ्यात पदकं घालून. घरी जाऊन आंघोळ करून झोपायला हरकत नव्हती त्यांना, पण कोणी गेलं नव्हतं. पीटीच्या मॅडम रस्त्यावर आल्या आणि माझ्या बाजूनं पळत राहिल्या. मी आत शिरलो तेव्हा दहाला दोन मिनिटं होती.

चाचा दहा वाजून चार मिनिटांनी आले. डॉक्टरांनी तरीही पदक पुढे केलं. सगळे टाळ्या वाजवत होते. चाचांनी त्यांचा हात हळूच मागे सारला. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, लेट गाडीले टाइमावर आली म्हनू नोका." मग आम्हाला मोजलं. एकसष्ट, कंडक्टर धरून.

पुढच्या रविवारी माझं पदक घेऊन मी अचलपूरला गेलो. सायकल अंगणात होती, हे पाहून बरं वाटलं. चाचांनी पदक पाहिलं, माझं नाव वाचलं आणि परत केलं. दुसऱ्याच्या तिकिटावर म्या कदी कोनाले बसू देल्लं नाई, म्हणाले, आणि सरबतासाठी बर्फ आणायला गेले.

बिलकीसचाचीनं मला आधी चांगलं झापलं. ज्याच्यामुळे बिल्ला गेला तो तूच का, विचारलं. मग ती समोर बसली आणि तिनं मला सांगितलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. अकोटच्या अलीकडून एक माणूस गाडीत चढला. अकोल्याचं तिकीट काढलं. मध्येच, जिथे गाव नाही, थांबा नाही, नुसती वावरं आहेत, तिथे उतरतो म्हणाला. गाडी उशिरा धावत होती. चाचांनी दार उघडलं, त्याला उतरवलं, घंटी मारली. तिकीट अकोल्याचं असताना इथे कावून उतरता, एवढं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर प्रवाशांनी सांगितलं, तो घरी पोचलाच नाही. त्या वर्षांत याचा अर्थ आमच्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नसे.

चार दिवस चाचा जेवले नाहीत. त्यानंतर ते ड्यूटीवरून आले की चाची आधी विचारायची, "पूरे आए?" ते हो म्हणाले की ताट वाढायची. शर्यतीच्या दिवशीही तिनं बिल्ल्याचं नंतर विचारलं.

"मगर बिल्ला तो मेरे को चाहिए," ती मला म्हणाली. "अगले साल."

वर्षभरानं, शर्यतीच्या आधी पंधरा दिवस, मी चाचांना पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय गफूरचाचा यांना सलाम.

मी खुशाल आहे. आईचा तुमच्यावरचा राग गेला. तुमच्यासाठी तिनं मुगाच्या वड्या ठेवल्या आहेत. वजन अकरा किलो उतरलं. काम तेच आहे. पण आता फॉर्म भरून झाला की मी लगेच उठत नाही. बसतो. घरात कोण कोण आहे, पोरगी कितवीला आहे, जेवण झालं का, हे विचारतो. चहा विचारला तर घेतो. त्यामुळे दिवसाला चार घरं कमी होतात आणि साहेब रागावतात. रागावू देत. गेल्या महिन्यात एका घरी तीन तास बसलो. तो माणूस परवा बाजारात भेटला, बी-बियाणं घेत होता.

तुमचं नाव मी नोंदवलं आहे. माझं नोंदवलेलं नाही. डॉक्टरांना सांगून मी यंदा सर्वांत मागची सायकल मागून घेतली आहे. शेवटच्या माणसाच्या मागे मी राहीन. पीटीच्या मॅडम मध्यावर उभ्या राहणार आहेत. कोणी बसलं तर आम्ही त्याच्याजवळ बसू, आणि विचारायचं ते विचारू. कोणाला मध्येच उतरू देणार नाही. तुम्ही मागे वळून पाहू नका. पाहावंसं वाटेल, तरी नका. सरळ कमानीतून आत जा.

अमरावतीची पहिली गाडी पकडली तर वेळेत पोचाल. चाचींना सोबत आणा. कमानीच्या आत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवायला सांगितली आहे. दहा वाजेपर्यंत तिथे सावली असते.

आपला,
गजानन