विषवाले गावंडे

गावंडे सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी स्टीलचा एक चमचा असतो. जेवायला म्हणून नाही, जेवतात ते हातानंच. पण कुणी त्यांच्यासमोर फवारणीच्या मालाला ‘औषध’ म्हटलं, की तो चमचा बाहेर येतो आणि बोलणाऱ्याच्या पुढ्यात ठेवला जातो. "औषध आहे न? मंग घ्या दोन चमचे. जेवनानंतर." एवढं बोलून सर समोरच्याकडे शांतपणे पाहत बसतात. नवा माणूस आधी हसतो. सर हसत नाहीत हे ध्यानात आलं की तोही खुर्चीत नीट बसतो.

आमचा कारखाना लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आहे. कपाशी, सोयाबीन, तुरीवर फवारायची कीटकनाशकं आम्ही तयार करतो. मी तिथं प्रयोगशाळेत आहे आणि सर नोंदणी विभागात. विभाग म्हणजे सर, एक लोखंडी कपाट आणि कपाटात न मावलेल्या फायली. बाहेरच्यांना वाटतं, माल तयार झाला की विकायला काढायचा. तसं नसतं. आधी केंद्राच्या समितीकडे नोंदणी, मग राज्याच्या कृषी खात्याचा परवाना. तुमच्या मालानं किडीचं काय होतं हे तर सांगायचंच, पण माशांचं, मधमाशांचं, मातीचं काय होतं तेही पुराव्यानिशी सांगायचं. वर्षं जातात त्यात. मधेच समितीकडून शंकांचं पत्र येतं. त्या पत्राला सर ‘सासरचा निरोप’ म्हणतात. मान खाली घालून उत्तर द्यावं, पण आपल्या पोरीत खोट नसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

कारखान्यात त्यांना पाठीमागं ‘विषवाले गावंडे’ म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि बहुधा आवडतंही.

वाचायचं तर त्यांना व्यसनच. बिस्किटाचा पुडा फोडण्याआधी ते त्याच्यावरचं सगळं वाचतात, तोवर चहा निवतो. लग्नाची पत्रिका दिली तर शुद्धलेखन तपासून परत देतात. एकदा दारव्ह्याच्या बाजारातून परतताना भरलेल्या काळीपिवळी जीपमध्ये त्यांनी आमच्याच एका मालाचं माहितीपत्रक मोठ्यानं वाचायला घेतलं. तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या दिशेनं फवारा, रिकामा डबा फोडून पुरा. माणसांना ऐकून समजतं का, हे त्यांना पाहायचं होतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, तुमी हे इकून राह्यले, का घेऊ नोका म्हनून सांगून राह्यले?" सर इतके खूश झाले की त्यांनी म्हाताऱ्याचं भाडं भरलं.

त्यांचं एक पालुपद आहे: "वाचनारा एक, फवारनारा दुसरा." पत्रक घरातलं शाळकरी पोर वाचतं आणि पंप पाठीवर घेतो तो दुसराच. म्हणून पत्रक कानाला कळलं पाहिजे. तसं पाहिलं तर डब्यावर कवटीचं चित्र असतंच. त्याचा विषय काढला की सर म्हणतात, माल बाटलीत ओतला की कवटी डब्यावरच राह्यते, शब्द तेवढा घरात येते.

यंदा याच शब्दावरून पेच पडला. नव्या मालाची नोंदणी अखेर हाती आली. आता मराठी पत्रक छापून माल पेरणीपूर्वी ढाणकी-उमरखेडच्या दुकानांत पोचवायचा होता. पत्रकाचं मराठी सरांकडे. त्यांनी पहिली ओळ लिहिली: ‘हे विष आहे. हे विष पाण्यात असे मिसळावे.’ आणि पुढं सगळीकडे विषच. विष फवारताना, विष उरल्यास, विषाचा डबा.

आमच्या मालकांना सगळे भाऊ म्हणतात. माणूस रागीट नाही, पण पत्रक वाचून त्यांनी डोक्याला हात लावला. सरांना बोलावलं, मलाही. कायद्याला पाहिजे तिथं विष लिहा, बाकी ठिकाणी सगळ्या कंपन्या लिहितात तसं औषध लिहा, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. दुकानदार म्हणतील, भाऊ विष विकाले निघाले. मी आपली मधला मार्ग म्हणून ‘कीटकनाशक’ सुचवलं. सर म्हणाले, मॅडम, तो किड्याचा नाश करनारा झाला, मानसाले वाटते आपलं काय जाते. भाऊंनी शेवटचं सांगितलं. सोमवारी पत्रक छापायला जाणार. शब्द बदलायचा नसेल तर सही दुसऱ्याची लागेल, आणि मग नोंदणीचं कामही दुसराच पाहील. सरांनी पत्रक उचललं, चमचा खिशात नीट बसवला आणि ते निघून गेले. त्यांचं निवृत्तीचं वय उलटून गेलंय. हे काम गेलं तर त्यांना दुसरं कोण देणार, या विचारानं मला जेवण गेलं नाही.

भाऊंनाही गेलं नसावं. रविवारी सकाळी त्यांनी मला फोन केला आणि आम्ही दोघं यवतमाळात सरांच्या घरी गेलो. सरांनी लग्न केलं नाही, घरी म्हातारे वडील आहेत, एवढंच आम्हाला माहीत होतं. दोन खोल्या, पुढची अगदी झाडून-पुसून ठेवलेली. आतल्या खोलीत पलंगाची कड दिसत होती. सरांनी पाणी दिलं, चहा ठेवू का विचारलं. भाऊ म्हणाले, "सर, एका शब्दासाठी कायले एवढं ताणून धरता?"

सरांनी पाण्याचे पेले उचलून बाजूला ठेवले. मग आतल्या दाराकडे एकदा पाहून त्यांनी आवाज खाली घेतला.

"माही माय गावाले राहे. तिले खोकला होता. मी इथं नोकरीले. तिनं फोन केला, कोनतं औषध घेऊ म्हने. मी म्हटलं, अवो, भिंतीवरच्या फयीवर एकच त औषध आहे, ते घे. मले काय मालूम. बाबानं तुरीवर फवारून उरलेलं खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून तिथंच ठेवलतं. आमच्या घरात त्यालेबी औषधच म्हनत. तिले वाचता येत नोतं. तिनं बरोबर आयकलं, भाऊ. मी सांगतलं तेच तिनं घेतलं."

इतकं साधं बोलले ते, जणू समितीच्या एखाद्या शंकेला उत्तर देत होते. भाऊ जमिनीकडे पाहत राहिले. मग त्यांनी टेबलावरचं पत्रक ओढलं, खिशातलं पेन काढलं आणि खाली सही केली. "विषच राहू द्या," म्हणाले. सरांनी नुसती मान हलवली. आभारबिभार मानले नाहीत, आणि आम्हाला ते अपेक्षितही नव्हतं.

तेवढ्यात आतून हाक आली. आवाज अगदी क्षीण होता. सर उठून आत गेले. जाताना हळूच सांगून गेले, बाबाले आता काही आठवत नाही, माय गेली तेबी नाही. रोजचंच आहे, तुमी बसा.

दार उघडंच होतं. म्हातारा उशीवरून मान उचलून विचारत होता, "काय रे, तुह्या मायनं औषध घेतलं काय? रातभर खोकलत होती थे."

सर पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी वडिलांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"हो बाबा," ते म्हणाले. "घेतलं तिनं औषध. आता बरं आहे तिले. झोपली आहे."

त्यांच्या तोंडून तो शब्द असा सरळ मी कधीच ऐकला नव्हता. म्हाताऱ्यानं समाधानानं डोळे मिटले. सर तसेच हात धरून बसून राहिले, आणि भाऊ नि मी चहा न घेताच उठलो.