शंभर टक्के चार्ज

रुग्णालयाची वीज वारंवार जात असल्याने ऑक्सिजनच्या यंत्रासाठी एका परदेशी संस्थेने बॅटरी भेट दिली. बॅटरी उत्तम होती. तिच्यात एकच दोष आढळला: वापरली की ती उतरत असे.

हा दोष वैद्यकीय अधीक्षकांनी वेळीच हेरला. तपासणी पथकाला बॅटरी पूर्ण भरलेली दिसली पाहिजे, सबब ती वापरू नये, असा आदेश निघाला. कोणी चुकून वापरू नये म्हणून ती कपाटात गेली. कपाट कोणी उघडू नये म्हणून किल्ली साहेबांच्या खिशात गेली. पथक आले, हिरवा दिवा पाहून प्रसन्न झाले आणि निगा उत्तम असल्याचा शेरा देऊन गेले.

एका दुपारी वीज गेली. यंत्र बंद पडले आणि त्यावर असलेल्या आजींना धाप लागली. सून एक्स-रेच्या पाकिटाने वारा घालू लागली. सिस्टर धावत साहेबांकडे गेल्या.

"साहेब, किल्ली द्या. बॅटरी लावायचीय."

"अहो, पण ती शंभर टक्के चार्ज आहे!"

"म्हणूनच तर मागतेय."

"उतरली म्हणजे?"

"तिकडे आजींचा श्वास उतरतोय, त्याचं काय?"

"हे बघा सिस्टर, आज वापरली आणि उद्या खरंच गरज पडली, तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

सून मागोमाग आली होती. "उद्याच्या पेशंटचं उद्या बघा हो! माझ्या सासूबाई आजच्या आहेत."

साहेब कपाटासमोर हात पसरून उभे राहिले. नियम समजावता समजावता त्यांचा आवाज चढला, दम लागला आणि ते घामाघूम होऊन मटकन खाली बसले. सिस्टरांनी आधी त्यांची नाडी पाहिली, मग खिसा.

यंत्र सुरू झाले. एक नळी आजींना, दुसरी साहेबांना. जरा वेळाने आजींनी शेजारी पाहिले.

"यांना काय झालं गं?"

"काही नाही आई. बॅटरीची काळजी."

साहेबांनी डोळे उघडले. "किती राहिली?"

दोघेही बचावले. बॅटरीची विनापरवाना झीज केल्याबद्दल सिस्टरांकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. त्यांनी एकच वाक्य लिहिले: 'साहेब जिवंत आहेत.' खुलासा असमाधानकारक ठरला.

हसलात? खुशाल हसा. फक्त हसता हसता हातातल्या चहाच्या कपाकडे बघा. कान तुटलाय ना? चांगले कप तुम्हीही पाहुण्यांसाठीच जपून ठेवलेत.