झेंडूआडची मारुती

दसऱ्याच्या सकाळी धनराजने आठच दिवसांपूर्वी घेतलेल्या पांढऱ्या मारुतीला एवढा घसघशीत झेंडूचा हार घातला की पुढची नंबरप्लेट पार झाकून गेली. उरलेला तुकडा त्याने मागे बांधला. मग मागचाही नंबर गेला.

“अहो, नंबर दिसत नाहीये,” मोहिनी म्हणाली.

“आज दसरा आहे. आज नंबर बघतंय कोण? गाडी बघ, गाडी!”

खरं तर आज गाडीपेक्षाही मोठं काम होतं. त्यांच्या तृप्तीचा साखरपुडा होता, देवळाली कॅम्पातल्या सुभेदार जयरामरावांच्या ललितशी. मुलगा गुणाचा, तृप्तीच्या मनात भरलेला. धास्ती होती ती होणाऱ्या सासऱ्यांची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांचं घड्याळ फौजेतच होतं. मागच्या भेटीला धनराज सात मिनिटं उशिरा पोचला, तेव्हा सुभेदार चहा होईपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. निघताना मात्र म्हणाले होते, “साखरपुड्याला बारा म्हणजे बारा. उशीर झाला, तर मी पुन्हा विचार करीन.”

म्हणून इंदिरानगरातून ही मंडळी पावणेअकरालाच निघाली. मागच्या सीटवर लाल कापडाने झाकलेलं ताट, ताटात अंगठी, टोपी, नारळ. सव्वाअकराला कॅम्पाच्या बाजारात पोचली आणि मोहिनीला आठवलं, पेढे राहिले!

बाजारात गाड्यांची रांग, जिकडेतिकडे झेंडू. धनराजने गाडी लावली तोच मिठाईवाला ओरडला, “पेढे संपत आले होऽ!” धनराज पळाला. मायलेकी गजरे घ्यायला उतरल्या. मिठाईच्या दुकानात दसऱ्याची झुंबड होती. वीस मिनिटांनी दोन किलो पेढे छातीशी धरून धनराज परतला, खिशात हात घातला आणि त्याचा चेहरा उतरला.

“काय झालं?” मोहिनीने विचारलं.

“काही नाही,” म्हणत त्याने काचेला नाक लावलं. सीटवर अजून प्लास्टिक, डॅशबोर्डवर गणपती, मागे लाल कापडाखालचं ताट, आणि स्टिअरिंगपाशी लाल दोऱ्यात लटकलेली चावी. “आत राहिली.”

“बाबा!”

“पण लॉक बघ कसं पक्कं लागलंय!” धनराज म्हणाला. आधी बटण दाबायचं, मग हँडल उचलून धरायचं आणि मग दार लावायचं, हे तो आठ दिवस सगळ्या कॉलनीला शिकवत होता.

“दुसरी चावी कुठाय?”

“घरी. कपाटात.”

“आणि कपाटाची?”

धनराजने गाडीत लटकलेल्या चावीकडे बोट दाखवलं.

एव्हाना माणसं जमली. एकाने फूटपट्टी आणली, एकाने कपड्यांचा हँगर सरळ केला. एक तरणाबांड जवान बाह्या सरसावून पुढे आला. “काका, काच फोडू? एका बुक्कीत काम.”

“नको नको! हप्ते चालू आहेत!”

मोहिनीने समोरच्या बूथवरून सुभेदारांच्या घरी फोन लावला. त्यांच्या पत्नीने, कुसाबाईंनी उचलला. “ते बाजारात गेलेत, आजून नाय आले. तुम्ही मात्र टायमात या बरं का!”

“सुभेदार इथेच कुठेतरी आहेत,” मोहिनी धापा टाकत येऊन म्हणाली. आता धनराजला दरदरून घाम फुटला. त्यांनी या अवस्थेत बघितलं, तर संपलंच! तो कोपऱ्यावरच्या निसार चावीवाल्याकडे धावला आणि दुकान बंद करायला लावून त्याला चहाच्या कपावरून अक्षरशः उचलून घेऊन आला.

निसारने गाडी बघितली. “टेन्शन मत लो साहेब. सकाळपासून ही चौथी. दसऱ्याला लोक गाडीची पूजा करतात आणि चावी देवाजवळच सोडतात.” त्याने पोतडीतून एक लांब लोखंडी पट्टी काढली, काच आणि रबराच्या फटीत सरकवली.

पावणेबारा झाले. पट्टी खाली गेली, वर आली. बारा वाजले. तृप्तीच्या डोळ्यांत पाणी जमू लागलं. धनराजला ते बघवेना. बारा वाजून दहा मिनिटांनी ‘खट्’ आवाज झाला आणि जमलेल्या पन्नास माणसांनी टाळ्या पिटल्या! निसार पट्टी सीटवर टाकून कपाळ पुसू लागला. धनराजने आत बसून चावी फिरवली, गाडी सुरू झाली. मोहिनीने ताटावरचं कापड उचललं.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “यात हिरवी साडी आहे.”

“मग?”

“आपल्या ताटात साडी नव्हती.”

“खबरदार! गाडीतून खाली उतरा!” मागून गर्जना झाली. घामाने निथळलेले, हातात काठी घेतलेले सुभेदार जयरामराव तिथे उभे होते. धनराज दिसताच काठी अर्ध्यावरच थांबली.

“व्याही? तुम्ही माझ्या गाडीत?”

“तुमच्या?”

“कालच घेतली. तुम्हाला घरी दाखवणार होतो.” सुभेदारांचा आवाज उतरत गेला. “सूनबाईंची साडी फॉलला दिली होती, ती आणायला आलो. मघापासून त्या निसारच्या बंद दुकानापुढे बसून आहे.”

“का?” धनराजने विचारलं आणि विचारता विचारताच त्याला उलगडा झाला. सुभेदार बुटांकडे बघत होते.

तेवढ्यात शेजारी उभा असलेला लष्कराचा ट्रक निघून गेला. ट्रकाआड दुसरी पांढरी मारुती होती, झेंडूने लगडलेली. तिचं दार सताड उघडं होतं, चावी जागेवर होती आणि ताट जसंच्या तसं होतं. धनराजने लॉक केलंच नव्हतं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“घरी बोलू नका,” सुभेदार पुटपुटले.

“मुळीच नाही,” धनराज म्हणाला.

दोन्ही गाड्या सुभेदारांच्या दारात लागल्या तेव्हा पाऊण वाजला होता. या खेपेला धनराजने बटण दाबलं, हँडल उचलून धरलं आणि दार अगदी शिस्तीत लावलं. कुसाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “कोणामुळं झाला उशीर?”

“माझ्यामुळे,” धनराज पटकन म्हणाला. “चावी गाडीत राहिली.”

सुभेदारांनी घसा खाकरला आणि सगळ्यांसमोर त्याला पाच मिनिटं झाडलं. फौजेत असं चालत नाही, चावी म्हणजे माणसाची जबाबदारी, वगैरे. धनराज मान खाली घालून ऐकत राहिला. ललितकडे बघून तृप्ती हसत होती, आणि तेवढ्यासाठी त्याने आणखी तासभर ऐकून घेतलं असतं. अंगठ्या झाल्या, साडी झाली, पेढे वाटले गेले.

आणि दारात सायकलची घंटी वाजली. निसार होता.

“साहेब, माफ करा,” तो सुभेदारांना म्हणाला. “माझी पट्टी तुमच्या गाडीत राहिली.”

“माझ्या, माझ्या!” म्हणत धनराज उठला.

“तुमच्या नाही. सुभेदारसाहेबांच्या. जी उघडली ना, तिच्यात.”

कुसाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सुभेदारांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा, मग टोपी काढून टोपीत पाहिलं.

“ट्रंकेची झाली, कपाटाची झाली,” कुसाबाई म्हणाल्या, “आता गाडीची!”

सगळे बाहेर धावले. बंद काचेआड लाल दोऱ्यात चावी लटकत होती आणि शेजारच्या सीटवर निसारची पट्टी पडली होती.

“दुसरी पट्टी?” सुभेदारांनी विचारलं.

“घरी आहे साहेब. पण घर लांब, भगूरला.”

“त्यात काय!” धनराज पुढे झाला. आज पहिल्यांदाच त्याची छाती फुगली होती. “माझी गाडी आहे ना! निसारभाई, बसा. दहा मिनिटांत जाऊन येऊ.”

आणि त्याने ऐटीत खिशात हात घातला.

हात बराच वेळ खिशातच राहिला. मग सुभेदारांनी पुढे येऊन व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निसारला म्हणाले, “सायकल काढ.”