रंगरावांच्या ओट्यावरचे आदर्श केंद्र

आजारी माणसाला औषधाच्या आधी पत्ता लागतो. हे सत्य वैद्यकशास्त्राच्या ग्रंथांत आढळत नाही, कारण ग्रंथ लिहिणारे दवाखान्यातच बसलेले असतात. आरोग्य खात्याला मात्र ते पटले आणि त्याने सगळे सार्वजनिक दवाखाने मोबाइलच्या नकाशावर आणले. नागरिकाने फक्त बोट लावायचे. दवाखाना कुठे आहे, किती वाजता उघडतो आणि लोकांनी त्याला किती तारे दिले आहेत, हे तत्काळ समजते. (आत कोणी असते का, हे योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात समजणार होते.)

या नकाशावर खराडीच्या जुन्या गावठाणातला दवाखाना रंगरावांच्या घरात होता.

तो तिथे खरोखरच होता. सतरा वर्षे होता. शिवारात ज्वारी होती तेव्हा आला, ज्वारीच्या जागी काचेच्या इमारती उगवल्या तरी राहिला. रंगरावांनी घर चार मजली बांधले, तेव्हाही खालच्या दोन खोल्या आणि पुढचा ओटा त्याच्यासाठी तसाच ठेवला. मग एका रविवारी खात्याने टेम्पो आणला, कपाट, वजनकाटा आणि तपासणीचे टेबल उचलले आणि दवाखाना ‘सुसज्ज नूतन वास्तूत’ हलवला. रंगराव त्या दिवशी लग्नाला गेले होते. परतले तेव्हा खोलीत कुटुंबनियोजनाचे पोस्टर तेवढे उरले होते.

“सतरा वर्षं ऱ्हायले आन् जाताना ‘येतो’ बी म्हनले न्हाईत,” रंगराव म्हणाले. “कुठं गेलेत ते मी इचारनार न्हाई. कुनी सांगितलं तरी ऐकनार न्हाई.”

त्यांनी शब्द पाळला. नकाशानेही पाळला. खात्याच्या यादीत जुनी जागा ‘केंद्र एक’ म्हणून कायम राहिली. नव्या जागेचे ‘केंद्र दोन’ झाले, फक्त त्याचा पत्ता भरायचा राहून गेला.

पहिल्याच महिन्यात रंगरावांच्या दारात एकशे बारा माणसे आली. पैकी अठ्ठावन्न आयटी पार्कातली (पाठ, मान, डोळे आणि आजारपणाचा दाखला), एकतीस बांधकामांवरची, एकवीस भाड्याच्या खोल्यांत राहणारी नवी बिऱ्हाडे आणि दोघे पत्ता चुकलेले, म्हणजे त्यांना दवाखान्यात जायचेच नव्हते. रंगराव प्रत्येकाला ओरडून सांगत, “दवाखाना न्हाई हितं!” त्यावर प्रत्येक जण त्यांना फोन दाखवी. समोरच्या माणसाच्या सांगण्यावरून नकाशा खोटा ठरवण्याइतके अडाणी खराडीत आता कोणी उरलेले नाही.

रंगरावांच्या पत्नी सुशीलाबाई यांचे मत असे की आजारी माणसाला उभ्या उभ्या दारातून घालवू नये. त्यांनी ओट्यावर सतरंजी टाकली, माठ ठेवला. आलेल्याला त्या बसवत आणि विचारत, “काय हुतंय?” एवढेच. मग शेवटपर्यंत ऐकून घेत आणि उपचार सांगत. संगणकवाल्यांना उपचार बहुधा ठरलेला असे : वेळेवर झोप, ताटात भाकरी आणि “आईला फोन केलास का?”

लोक तारे देऊ लागले. अकोल्याहून नोकरीसाठी आलेल्या विक्रम नावाच्या तरुणाने लिहिले, “डॉक्टर भेटले नाहीत. पण मी काय सांगतोय हे पुण्यात पहिल्यांदाच कोणी पूर्ण ऐकलं.” दुसऱ्या एकाने लिहिले, “इंजेक्शन नसल्यामुळे एक तारा कापला होता. इंजेक्शन नसल्यामुळेच परत दिला.” सहा महिन्यांत केंद्र एकची सरासरी चार पूर्णांक आठ तारे झाली आणि ते शहरातल्या यादीत पहिले आले. रंगरावांनी ओरडणे बंद केले. एक बाकडे आणले. ‘चपला ओळीत काढाव्यात’ अशी पाटीही लावली. पायरीवर बसून रुग्णांची बिस्किटे खाणाऱ्या तांबड्या कुत्र्याला लोक ‘कंपाउंडर’ म्हणू लागले. केंद्राचा तोच एक पूर्णवेळ कर्मचारी.

एका सोमवारी सकाळी रंगराव बाकडे सरकवत होते. बाकड्याखाली कंपाउंडरची शेपटी होती. कंपाउंडरने त्यांच्या पोटरीवर रीतसर नोंद केली.

सुशीलाबाईंनी जखम नळाखाली साबणाने चांगली दहा मिनिटे धुतली. (केंद्र एकच्या इतिहासातला वैद्यकीयदृष्ट्या बिनचूक असा हा पहिला उपचार.) “आता आजच्या आज सुई घ्या,” त्या म्हणाल्या. “हितं भाकरीनं भागायचं न्हाई.”

रंगराव आयटी पार्काजवळच्या कारंजेवाल्या खासगी रुग्णालयात गेले. तिथली लस संपली होती, परवा येणार होती. “परवापर्यंत थांबू नका,” काउंटरवरची मुलगी काळजीने म्हणाली. “वॉर्डाच्या दवाखान्यात मिळेल,” आणि तिने पत्त्याची छापील चिठ्ठी दिली. रंगरावांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हते. त्यांनी ती रिक्षावाल्याला दिली. रिक्षावाल्याने पत्ता फोनवर घातला. थोड्या वेळाने रंगराव म्हणाले, “आरं, ह्यो तर माझ्या घराचा रस्ता हाय.”

“काका, नकाशा बोलतोय ना? मग तुम्ही नका बोलू,” रिक्षावाला म्हणाला, आणि त्यांना त्यांच्याच दारात उतरवून गेला.

अकरा वाजले होते. सार्वजनिक दवाखाना एक वाजता बंद होतो. रंगरावांनी कोपऱ्यावरच्या वाणसामानवाल्या महिपतीला विचारले.

“दवाखाना?” महिपती म्हणाला. “चेष्टा करतो का? तुझ्या दारात लाइन असती की रोज.”

“त्यो न्हाई. खरा.”

“आता सगळ्या शहरात पयला नंबर तुझा. त्याच्यापेक्षा खरा कुठून आनू?”

रंगराव घरी येऊन बाकड्यावर आडवे झाले. त्यांनी हेल्पलाइन फिरवली.

“नमस्कार, मी निशा. काय सेवा करू?”

“ताई, कुत्रं चावलंय. आमच्या वॉर्डाचा दवाखाना कुठं हाय?”

“सर, आपण आत्ता कुठे आहात?”

रंगरावांनी घराचा पत्ता सांगितला. पलीकडे बटणांचा आवाज झाला.

“अभिनंदन सर. आपण दवाखान्यातच आहात.”

“आवो, माझं घर हाय हे!”

“तिथला स्टाफ सहकार्य करत नाहीये का सर? तक्रार नोंदवून घेऊ?”

रंगरावांनी सुशीलाबाईंकडे पाहिले. “नको,” ते म्हणाले.

बारा वाजून वीस मिनिटांनी एक बाई हातात रजिस्टर घेऊन पायरी चढल्या. त्या केंद्र दोनच्या परिचारिका, इंदुबाई. सहा महिन्यांत त्यांच्याकडे दिवसाला सरासरी सव्वा रुग्ण आला होता. (पाव रुग्ण म्हणजे दारातून डोकावून गेलेला.) खात्याने कळवले होते की प्रतिसादाअभावी केंद्र दोन बंद का करू नये, याचा खुलासा करावा, तत्पूर्वी आदर्श अशा केंद्र एकला भेट देऊन कार्यपद्धती शिकून घ्यावी.

“डॉक्टर कुठे आहेत?” त्यांनी विचारले.

“बसा आधी,” सुशीलाबाई म्हणाल्या. “काय हुतंय?”

हे इंदुबाईंना सहा महिन्यांत कोणी विचारले नव्हते. त्या बसल्या आणि पंधरा मिनिटे बोलल्या. शेवटी बाकड्यावरून कण्हण्याचा आवाज आला.

“सिस्टर, कुत्र्याची सुई हाय का वो तुमच्याकडं?”

“फ्रीज भरून आहे. घ्यायला कोणी येत नाही.”

रंगराव ताडकन उठून बसले. इंदुबाई सांगू लागल्या, “इथून मागच्या बाजूला...”

“सांगू नका!” रंगरावांनी हात वर केला. सतरा वर्षांच्या सोबतीचा अपमान आणि एक वाजायला बावीस मिनिटे, दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. “मी ऐकनार न्हाई. तुम्ही नुसत्या म्होरं चाला.”

केंद्र दोन रंगरावांच्या मागच्या भिंतीपासून दीडशे पावलांवर, पाण्याच्या टाकीआड निघाले. एक वाजायला सहा मिनिटे असताना रंगरावांच्या दंडात सुई गेली. कंपाउंडरवर दहा दिवस लक्ष ठेवायचे ठरले. तो तसाही ओटा सोडून कुठे जात नव्हता. बाहेर पडताना रंगरावांनी केंद्र दोनला दोन तारे दिले. बसायला बाकडे नव्हते.

इंदुबाईंनी त्याच दिवशी सगळी हकिगत खात्याला लिहून कळवली. खात्याने विलक्षण तत्परता दाखवली. केंद्र एकवरील जनतेचा विश्वास आणि केंद्र दोनचे दोन तारे विचारात घेऊन, दोनचे एकमध्ये विलीनीकरण झाले. रविवारी टेम्पो आला. या वेळी रंगराव मुद्दाम घरी थांबले होते. कपाट, वजनकाटा, फ्रीज आणि इंदुबाई जुन्या खोल्यांत आल्या, आणि उरलेल्या सुया रंगरावांना घरबसल्या मिळाल्या.

त्याच आठवड्यात नकाशा विभागाला इंदुबाईंचे पत्र पोचले. चूक दुरुस्त झाली. आता नकाशावर दवाखाना टाकीआडच्या वास्तूत आहे. वास्तूला कुलूप आहे.

त्या कुलपाला सध्या चार पूर्णांक एक तारे आहेत. (“शांत परिसर. अजिबात गर्दी नाही.”) हे तारे कोण देते, असे सुज्ञ वाचकाला वाटत असेल, तर त्याने एवढेच करावे : आपल्या स्वतःच्या वॉर्डाचा दवाखाना कुठे आहे ते आठवून पाहावे, आणि आठवता आठवता आपला हात शेजाऱ्याच्या दाराकडे गेला की खिशातल्या फोनकडे, हे पाहून ठेवावे.