लाखेचं मडगाड

उन्हाळ्यात लोकांच्या अंगणात वड्या वाळतात, झनकलालजींच्या अंगणात मोटारीचे भाग वाळत. एका बाजेवर बॉनेट, दुसरीवर मडगाड, आणि मधे ते स्वतः, अंगात बंडी, हातांना कोपरापर्यंत राख. आमच्या मुर्री गावात नवखा आलेला पाहुणा हमखास विचारी, इथे अपघात झाला का?

आमच्या दोघांच्या घरांत एक कुडाची भिंत होती. मी गोंदियात लाखेच्या कारखान्यात कारकून. ते पूर्वी एका मालगुजाराचे, म्हणजे जमीनदाराचे, डायवर. मालगुजारी गेली, गाडी विकली गेली, आणि झनकलालजींनी घरीच हा उद्योग मांडला. खऱ्या मडगाडाला राख फासायची, त्यावर तळ्याची माती आणि धानाचा कोंडा थापून साचा काढायचा. साच्यात वितळलेली लाख, वर गोणपाटाचा बारदाना, पुन्हा लाख, पुन्हा बारदाना. शेवटी काळा रंग. दुरून बघणाऱ्याला साक्षात मोटार.

"अमेरिकेत काचेच्या कापडाची मोटार बनून राहिली, बाबूजी," ते मला सांगत. "आपल्याकडं लाख हाय, बारदाना हाय. का कमी हाय?"

काय कमी आहे ते मी सांगत असे. ते मनावर घेत नसत.

गोरेगावच्या एका कापडवाल्याने आपलं गंजकं मडगाड नमुन्याला दिलं. नवं हातात पडलं तर जुन्यावरचा पोचासुद्धा जसाच्या तसा. तो भडकला. "पोचा तुमचाच हाय जी," झनकलालजी शांतपणे म्हणाले, "मी काऊन पदरचा टाकीन?" पुढे मे महिन्यात, बाजाराच्या दिवशी, ते मडगाड भर रस्त्यात मऊ होऊन चाकावर निजलं. कापडवाला ते पोळीसारखं दुमडून काखेत घेऊन आला. झनकलालजींनी उलटसुलट पाहिलं आणि गाडी सावलीसावलीने चालवत जा, असा सल्ला दिला. वर दुसरं मडगाड फुकट.

"साचा असन तं वस्तू मरत नाई," हे त्यांचं पालुपद. माझी छत्री मोडली तेव्हाही त्यांनी मला हेच ऐकवलं होतं.

त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर एक डावं मडगाड मात्र कायम टांगलेलं असे. त्याला भोपळा मावेल एवढा पोचा. ते विकाऊ नव्हतं. टिनाच्या छपराखाली दर उन्हाळ्यात ते ओघळायला लागे, आणि पाऊस पडला की झनकलालजी साच्यातून तसंच्या तसं दुसरं काढून टांगत. घरच्या मालाचा तरी पोचा काढा, असं मी चिडवलं की ते बिडी पेटवत.

एका मे महिन्यात कुणाचा तरी रेडा कोंड्याच्या वासाने आत शिरला आणि नेमका त्याच साच्यावर नाचला. सकाळी पाहतो तर झनकलालजी खापऱ्यांत बसलेले. भिंतीवरचं मडगाडही ओघळायला लागलं होतं. साचा गेला, आता हेही दोन दिवसांत वितळलं की तो पोचा कायमचा जाणार होता.

"बाबूजी, आज कारखान्यात नका जाऊ," ते म्हणाले. लाख सोडून त्या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी ताप आल्याचा निरोप धाडला.

मडगाड आम्ही कडुनिंबाखाली ओल्या गोणपाटांवर ठेवलं. पाणी ओतायला मी त्यांच्या घरातली पितळी घागर उचलली, तर त्यांनी ती माझ्या हातून काढून घेतली आणि बादली दिली. मी दिवसभर पाणी ओतत होतो, ते माती थापत होते. दुपारी माझी कंबर धरली, तशी जीभ सुटली. एका पोच्यासाठी एवढा आटापिटा कशाला? हातोडा आणा, दहा पाडून देतो.

त्यांनी हात थांबवला नाही.

"लगन होऊन महिना झाला होता. घरची माह्यासंगं एक शबुद बोलत नोती. मी मालकाची गाडी इहिरीवर नेली, रुबाब दाखवाले. भोंगा वाजवला. थे दचकली, डोक्यावरची घागर मडगाडावर पडली. मालकानं मले लई शिव्या देल्ल्या. पन थे हासली, बाबूजी. पैल्यांदा हासली. पोट धरून हासली." त्यांनी पोच्यावर मातीचा गोळा हलकेच दाबला. "गाडी इकाची ठरली तवा थे जाऊन दोन सालं झालती. पैला साचा मी याचाच काढला. अमेरिका मंग आली."

मला माझ्या थट्टेची लाज वाटली. मी उठून आणखी दोन बादल्या ओतल्या.

साचा वाळला, आणि यंदा पावसाची वाट न बघता त्यांनी नवं मडगाड काढलं. रंग लावण्याआधी त्यांनी मला बोलावलं. आतून ती पितळी घागर आणली आणि पोच्यात ठेवून सोडून दिली. घागर हलली नाही.

"बसली," ते म्हणाले.

मग तीच घागर उचलून ते विहिरीवर पाण्याला गेले.